मैला कोणी उपसायचा?

(केडगाव येथे शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढे एका मराठी शाळामास्तराने दिलेले व्याख्यान)



दिवसभराचे काम टाकून, कोणी गुरांच्या धारा आटोपून, कोणी भट्टी विझवून, कोणी लेकराला खांद्यावर घेऊन आपण येथे आलात, याबद्दल प्रथम आम्ही आपले आभार मानतो. आम्हांस बोलावण्यास आलेल्या मंडळींनी विचारले, "गुरुजी, कशावर बोलणार?" आम्ही म्हणालो, "संडासावर." मंडळी हसली. त्यांतले एक म्हातारबाबा म्हणाले, "त्यापेक्षा कांद्याच्या भावावर बोला, चार माणसं तरी जमतील." बाबा, माणसे जमली आहेत, आणि कांद्याचा भावही आम्ही विसरलेलो नाही. पण जे पोटात जाते त्यावर आपण शंभर सभा घेतो आणि जे पोटातून बाहेर पडते त्यावर एकही घेत नाही. मग तेच बाहेर पडलेले पुन्हा आडाच्या पाण्यातून, माशीच्या पायांवरून आपल्या पोटात येते, आणि कांद्याचे आलेले पैसे दवाखान्यात जातात. तेव्हा हा विषय कांद्याहून लांबचा नाही.

आम्ही काही डॉक्टर नव्हे, इंजिनियरही नव्हे. ट्रेनिंग कॉलेजात मराठी शिक्षण घेऊन खेड्यातल्या शाळेत मुलांस बाराखडी आणि पाढे शिकविणारे मास्तर आहोत. जे वाचले, जे पाहिले, आणि जे आमच्याच घरी चुकले, तेवढेच सांगणार आहोत.

सरकारच्या कागदाप्रमाणे हा प्रश्न मिटला आहे. २०१४ च्या २ ऑक्टोबरला स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली, पात्र घरास संडास बांधण्याकरिता १२,००० रुपये ठरले, एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हगणदारीमुक्त झाल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी साऱ्या देशाची खेडी तशी झाल्याचे जाहीर झाले. यात काहीच खरे नाही असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या लहानपणी गावाच्या वेशीबाहेर नाक धरून जावे लागे, तेथे आज पुष्कळ ठिकाणी नीट वाट आहे. पहाटे पाच वाजता काळोखात चौघी-चौघींनी टमरेल घेऊन गोदरीत जायचे, मोटारीचा उजेड पडला की उभे राहायचे, आणि दिवसा पोट दुखले तरी रात्रीपर्यंत कळ सोसायची, हा जो बायांचा वनवास होता तो पुष्कळ घरी सुटला. ही लहान गोष्ट नव्हे. ज्या पुरुषांना ती लहान वाटते त्यांनी एक दिवस सकाळपासून सूर्यास्तापर्यंत तसे राहून पाहावे.

परंतु संडास बांधला म्हणजे काम झाले असे समजणे म्हणजे दाणे पेरून पाठ फिरविण्यासारखे आहे. पुढचा प्रश्न असा की, मैला जातो कोठे? आणि खड्डा भरला म्हणजे तो उपसायचा कोणी? या दुसऱ्या प्रश्नाकरिताच आज आम्ही उभे आहोत.

आधी रोगाचे थोडक्यात सांगू. पूर्वी पटकीची साथ आली की गाडा ओढून मरीआईला बळी द्यावयाचा आणि रोग शेजारच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडावयाचा, अशी चाल होती. १८५४ साली लंडन शहरात जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने पटकीने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा बहुतेक घरे एकाच हापशाच्या भोवती निघाली. त्याने त्या हापशाची दांडी काढविली. पुढे जर्मन डॉक्टर कॉख याने १८८४ साली आपल्याच देशात, कलकत्त्यास, रोग्यांच्या आतड्यात आणि तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखविला. म्हणजे रोग देवीच्या कोपाने येत नाही, माणसाच्या मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून माणसात येतो. हगवण, विषमज्वर, एका जातीची कावीळ आणि पोलिओ हे सारे याच वाटेचे वाटसरू. आणि शेतकऱ्यास विशेष सांगावयाचे ते हे की, आकडीकृमी नावाचा जंत उघड्यावरच्या मैल्यातून ओल्या मातीत पडतो, अनवाणी चालणाऱ्याच्या पायाच्या कातडीतून अंगात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. आपली बाई भांगलताना थकते, तिचे डोळे पांढरे पडतात आणि आपण म्हणतो कामाला कुचराई करते. अहो, तिचे रक्त कोण पितो ते आधी पाहा!

आता आमच्या घरची गोष्ट. ती सांगण्यास आम्हांस लाज वाटते, म्हणूनच ती सांगितली पाहिजे.

चौदा वर्षांपूर्वी आम्ही घर बांधले. गवंड्याने विचारले, "गुरुजी, संडासाची टाकी केवढी काढू?" आम्ही ऐटीत म्हणालो, "मोठी काढ, जन्माची काळजी मिटू दे." त्याने दहा फूट लांब टाकी काढली, तळाला आणि चारी बाजूंना सिमेंट केले, वर फरशी टाकली. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले. जेवढी टाकी मोठी तेवढा माणूस मोठा, असा आपल्याकडे आता नवा मान निघाला आहे. सात वर्षांनी ऐन चैत्रात टाकी तुंबली. घरात बसवेना. कोणीतरी टँकरवाल्याचा नंबर दिला. टँकर आला, त्याच्या नळीने वरचे पाणी ओढले, पण तळचा गाळ घट्ट बसलेला, तो नळीला येईना. टँकरबरोबर एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता. त्याने अंगातला सदरा काढला, कमरेला दोर बांधला आणि बादली घेऊन आत उतरला.

मंडळी, आम्ही त्याला "उतरू नकोस" असे म्हणालो नाही. आम्ही विचारले, "किती पैसे होतील?"

थोड्या वेळाने दोर हलेना. वरच्या माणसाने हाका मारल्या, उत्तर नाही. दोघांनी दोर ओढून त्याला वर काढले तेव्हा त्याचे ओठ काळे पडले होते. ओट्यावर निजवून वारा घातला, दैव बरे म्हणून काही वेळाने त्याने श्वास घेतला. आमच्या आईने पाणी आणले. पण कसे दिले? तांब्या उंच धरला आणि त्याच्या ओंजळीत वरून धार सोडली. आम्ही शेजारी उभे होतो. वर्गात रोज आम्ही मुलांस सांगतो की सारी माणसे सारखी. त्या वेळी तो तांब्या आईच्या हातून घेऊन त्याच्या हातात द्यावा, एवढेही आमच्याने झाले नाही. जाताना तो पोरगा म्हणाला, "गुरुजी, पुढच्या खेपेला जरा लवकर बोलवा. गाळ घट्ट झाला की तरास होतो."

पुढच्या खेपेला! आपल्या मरणाची पुढची तारीख तो आमच्याजवळ ठेवून गेला. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

बंद टाकीत मैला कुजतो तेव्हा विषारी वायू तयार होतात. त्यांतला एक सडक्या अंड्याच्या वासाचा असतो, पण जास्त झाला की नाकाला त्याचा वासही कळेनासा होतो आणि माणूस चार श्वासांत खाली पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. दर साल आपल्या देशात माणसे अशी मरतात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळी येतात. कायदा नाही असे नाही. १९९३ साली हाताने मैला उचलण्याच्या कामाला बंदी करणारा कायदा झाला. २०१३ साली दुसरा, अधिक कडक झाला, त्यात संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत अगर गटारात उतरविणे हा गुन्हा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूस दहा लाखांची भरपाई सांगितली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती तीस लाख केली. म्हणजे त्या चैत्रात आमच्या दारात जे झाले तो गुन्हा होता, आणि गुन्हेगारांत एक शाळामास्तर होता.

आता विचारा, असे का व्हावे? कायदा असून माणूस टाकीत का उतरतो? कारण आपण आपल्या मैल्याकडे पाहावयास तयार नाही. आणि हे न पाहण्याचे शिक्षण आपणांस फार जुने आहे. सोवळे आणि स्वच्छता यांत आपला समाज शेकडो वर्षे घोटाळा करीत आला आहे. सोवळे म्हणजे घाण दुसऱ्याच्या अंगावर ढकलून आपण शुद्ध राहणे. स्वच्छता म्हणजे घाण नाहीशी करणे. सोवळ्याला दुसरा एक माणूस लागतो, जो घाण उचलील आणि त्याबद्दल घाणेरडा ठरेल. स्वच्छतेला असा माणूस लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या वाड्यातला हौद अस्पृश्यांस खुला केला, तेव्हा त्यांनी याच सोवळ्याच्या मुळावर घाव घातला. पण सोवळे फक्त वरच्यांच्या घरी राहिले असे समजू नका. आपल्या खेड्यांत गोदरी कोठे असे, आठवा. बहुधा गावकुसाबाहेर, दलित वस्तीच्या अंगाला. तेथे आपण कुणबी, माळी, साळी, तेली, न्हावी सारेच जात होतो. आपणास वर कोणी बसला आहे याची चीड येते ती रास्त आहे. पण आपण कोणाच्या दारात बसत होतो, हेही बोलले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातले, पारनेरचे, सेनापती बापट तुरुंगातून सुटून आल्यावर हातात झाडू घेऊन पारनेरचे रस्ते झाडीत आणि संडास साफ करीत. गाडगेबाबा तर आपलेच. परिटाच्या घरी जन्मलेला, शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस, पण गावात आला की आधी खराटा आणि मग कीर्तन. त्यांच्या नावाने सरकारने २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान चालविले, ज्यात आपल्या नगर जिल्ह्यातल्या गावांनीही हिरिरीने भाग घेतला. कोकणात कणकवलीस गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आळीपाळीने वापरावयाचे आणि आतल्या आत खत होणारे संडास तयार केले. हे गृहस्थ जन्माने ब्राह्मण, विद्येने मोठे, आणि काम मैला उचलण्याचे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, नुसत्या उपदेशाने सफाई करणाऱ्याची सुटका व्हावयाची नाही. संडासच असा बांधा की त्याची गरज उरू नये.

यात आम्हांस सर्वांत उपयोगी वाटली ती देहूची हकीकत. पुण्याजवळ तुकोबांच्या देहूला १९६० च्या सुमारास डॉक्टर मापुसकर सरकारी दवाखान्यात आले. दवाखान्यात येणारे निम्मे दुखणे गोदरीतून येते हे त्यांनी ओळखले आणि लोकांच्या मागे लागून काही संडास बांधविले. पावसाळा आला आणि ते संडास ढासळले. गावाला हसू आले असेल. आपण असतो तर म्हणालो असतो, चला, सुटलो, या लोकांना काही सांगून उपयोग नाही. डॉक्टरांनी तसे केले नाही. चूक लोकांची नसून नमुन्याची आहे, असे त्यांनी मानले. अप्पासाहेबांचे काम पाहिले, जमीन पाहिली, नमुना बदलला, आणि संडासाला जोडून ग्यास देणारे मलप्रभा नावाचे संयंत्रही उभे केले. आणि देहू सोडले नाही. नोकरीची बदली, बढती यांमागे न लागता जन्म त्या कामात घालविला. ते वारल्यावर २०१७ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. या हकीकतीतून दोन गोष्टी शिकाव्या. एक, संडास ढासळला तर लोकांस अडाणी म्हणू नये, नमुना तपासावा. दुसरी, हे काम एका फेरीचे नाही. दहा-वीस वर्षे गावात राहून करावयाचे आहे.

आता कामाची गोष्ट. सेप्टिक टाकीऐवजी काय? दोन खड्ड्यांचा संडास. आमच्या घरी त्या चैत्रानंतरच्या सालात, म्हणजे सहा वर्षांपूर्वी, आम्ही तो केला, आणि जुनी टाकी मुरूम टाकून बुजविली. रीत अशी.

बैठकीच्या मागे किंवा बाजूला दोन गोल खड्डे घ्यावे. पाच-सहा माणसांच्या घरास प्रत्येक खड्डा आतून सव्वातीन फूट रुंद आणि साडेतीन-चार फूट खोल पुरतो. दोहोंमध्ये निदान सव्वातीन फूट जागा ठेवावी. आतून विटांचे जाळीकाम करावे, म्हणजे एका आड एक भोक राहील असे. वरचे एक-दोन थर मात्र भरीव. तळाला सिमेंट घालावयाचे नाही! येथेच आपले गवंडी भाऊ चुकतात, कारण पक्के बांधणे हा त्यांचा धर्म. पण हा खड्डा गळावा म्हणूनच काढलेला असतो. पाणी आणि वायू मातीत मुरतात, घट्ट मैला मागे राहतो. त्यामुळे वायू जाण्यास निराळी नळीही लागत नाही. दोन्ही खड्ड्यांवर सिमेंटची झाकणे घट्ट बसवावी आणि काठ जमिनीहून थोडे उंच ठेवावे, नाहीतर पावसाचे पाणी आत शिरते. बैठकीपासून आलेली नळी मध्ये एका लहान चेंबरात आणावी आणि तेथून दोन्ही खड्ड्यांकडे फाटे काढावे. एक फाटा वीट व चिखल लावून बंद करावा. एका वेळी एकच खड्डा वापरावयाचा. आमचे निम्मे विद्यार्थी आणि त्यांचे वडील दोन्ही फाटे उघडे ठेवतात, "दोन्ही भरू द्या, जास्त दिवस जातील" म्हणून. मग सारी युक्तीच फुकट.

एक खड्डा साधारण तीन वर्षांनी भरतो. भरला की चेंबर उघडून त्याचा फाटा बंद करावा आणि दुसरा उघडावा. पहिल्याला स्वस्थ राहू द्यावे, निदान दीड-दोन वर्षे. तेवढ्या काळात आतले जंतू मरतात, मैल्याची माती होते. तिलाच आपले वाडवडील सोनखत म्हणत. उपसताना टँकर नको, दोर नको, कोणाचा पोरगा नको. आपणच आपल्या फावड्याने काढावी आणि झाडाच्या बुडाशी घालावी. शास्त्राच्या भाषेत त्यात नत्र आणि स्फुरद असते, ज्यासाठी आपण दर साल खताच्या गोण्या विकत आणतो.

भांडे निवडताना तीव्र उताराचे, खेड्यासाठी केलेले निवडावे. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. शहरी भांड्याला बादलीभर लागते. आपल्या दुष्काळी मुलखात, जेथे बाया उन्हाळ्यात टँकरमागे धावतात, तेथे हा फरक थोडा नव्हे. पुष्कळ संडास बंद पडले आहेत ते लोकांच्या अडाणीपणाने नव्हे, तर पाणी कोणी शेंदायचे या भांडणाने. आणि ते पाणी शेंदणारी बहुधा सून असते. भांड्याखालच्या बाकात बोटभर पाणी राहते, त्याला ट्रॅप म्हणतात. त्याने वास आणि माशी अडते.

आमच्या भागाची जमीन एकसारखी नाही. कोठे मुरूम आहे, तेथे काम सोपे. कोठे काळी चिकण जमीन, ती पावसाळ्यात फुगते आणि पाणी मुरू देत नाही. तेथे खड्डा थोडा मोठा खणून जाळीकामाभोवती फूटभर वाळू, खडी अगर विटांचे तुकडे भरावे. कोठे दोन फुटांवर खडक लागतो. तेथे खड्डा उथळ पण रुंद घ्यावा आणि वरून उंच बांधून भोवती मातीचा भराव द्यावा. आड, विहीर, बोअर यांपासून खड्डा निदान तीस-चाळीस फूट दूर असावा. खडकाला भेगा असतील तर याहून लांब, कारण भेगेतून घाण पाणी माती न गाळताच उतरते. न्हाणीचे पाणी या खड्ड्यात सोडू नये, त्याला परसातल्या केळीची वाट दाखवावी. आणि संडास पांढरा शुभ्र दिसावा म्हणून तेजाबाच्या बाटल्या ओतू नयेत. ज्या बारीक जिवांनी मैल्याची माती करावयाची तेच त्याने मरतात. राख आणि कुंचा पुरे.

हे केडगाव आता नगरच्या महानगरपालिकेत गेलेले आहे. जेथे मैल्याची नळगटार आली आहे आणि घरे एकमेकांस चिकटून आहेत, तेथे खड्ड्यांचा आग्रह आम्ही धरीत नाही. तेथे नळगटारीला जोडणी घ्यावी, आणि तो मैला पुढे शुद्ध होतो की ओढ्यात सोडला जातो, हे नगरसेवकाला विचारावे. पण येथे आलेली निम्मी मंडळी नेप्ती, अरणगाव, चास, कामरगाव या अंगाची आहे, ज्यांच्या घरामागे अजून दोन खड्ड्यांपुरती जागा आहे. त्यांच्याकरिता हे सांगणे आहे.

आता आपल्या मनातल्या शंका घेऊ. पहिली, "घरामागे मैला साठविणे म्हणजे विटाळ." उलट, सेप्टिक टाकीत तो वर्षानुवर्षे ओला साठतो आणि तिचे बाहेर पडणारे पाणी गटारीत उघडे वाहते, त्यावर डास होतात, तेथे विटाळ होत नाही काय? दुसरी, "खत हाताने काढावयाचे, किळस येते." २०१७ च्या फेब्रुवारीत तेलंगणात गंगादेवीपल्ली गावी दिल्लीचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी स्वतः खड्ड्यात उतरून असे खत काढले आणि निरनिराळ्या राज्यांचे साहेब लोक भोवती उभे होते. साहेबांना जे जमते ते गुरांच्या शेणात वाढलेल्या शेतकऱ्यास जमू नये? तिसरी शंका, "ग्यास होतो म्हणता, मग चूल पेटेल काय?" खरे सांगतो, नुसत्या घरच्या मैल्यावर पेटणार नाही. एका माणसाच्या मैल्यापासून रोज सुमारे एक घनफूट ग्यास मिळतो, तो सहा माणसांच्या घरात चहापुरता. पण दावणीला दोन-तीन जनावरे असतील तर शेण व मैला मिळून स्वैपाकाचे काम होऊ शकते. ज्याची दावण रिकामी त्याने दोन खड्डेच करावे.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही आमचा पहिला खड्डा उघडला. आळीतले पंधरावीस जण लांब उभे होते, नाकाला पदर आणि उपरणी लावून. आमची आई ओट्यावर बसली होती. ती आदल्या दिवसापासून आमच्याशी बोलत नव्हती. झाकण काढले. वास नव्हता. आत काळपट, चहाच्या भुकटीसारखी भुसभुशीत माती. आम्ही दोन पाट्या बाहेर काढल्या. पदर हळूहळू खाली आले. मग आई उठली, काठी टेकीत आली, चिमूटभर हातात घेतली, चोळली, वास घेतला आणि म्हणाली, "माती तर आहे रे." आणि ती पाटी आपल्या हाताने ओढून तिने परसातल्या लिंबाच्या आळ्यात ओतली. थोड्या वेळाने आमच्याकडे न पाहता म्हणाली, "त्या पोराला उगाच उतरवलं."

मंडळी, आम्ही दोन वर्षे व्याख्याने देऊन जे झाले नसते ते त्या एका पाटीने झाले. आमच्या आळीत आता चौघांनी दुसरा खड्डा खणला आहे. तो पोरगा मात्र पुन्हा भेटला नाही. टँकरवाल्याचा नंबर लागत नाही. त्याच्या हातात तांब्या द्यावयाचा राहिला तो राहिलाच.

शेवटी चार मागण्या, आपणापाशी. एक, ज्यांच्या घरी एकच खड्डा आहे त्यांनी तो भरण्याची वाट न पाहता शेजारी दुसरा खणावा. दोन, गवंडी बंधूंनी तळाला सिमेंट घालण्याचे आणि खिडकीएवढ्या टाक्या काढण्याचे सोडावे. आपल्या हातात हे सर्वांत आधी आहे. तीन, टाकी ज्यांची आहेच त्यांनी ती यंत्रानेच उपसवावी, दर तीन वर्षांनी, गाळ घट्ट होण्याआधी. आणि कोणी माणूस आत उतरू लागला तर त्याचा हात धरावा. पैसे जास्त लागले तर लागू द्यावे. चार, शाळेत आपली पोर जाते तेथे मुलींच्या संडासाला पाणी आहे काय, कडी आहे काय, आणि तो कुलपात बंद तर नाही ना, हे आईबापांनी महिन्यातून एकदा जाऊन पाहावे. आम्ही मास्तर आहोत म्हणून सांगतो, मास्तरांवर सोडू नका. पोरगी सातवी-आठवीत शाळा सोडते तेव्हा आपण म्हणतो तिचे अभ्यासात लक्ष नव्हते. कित्येकदा तिला जाण्याची जागा नव्हती, एवढेच असते.

पुढच्या नवरात्रात देवीच्या यात्रेला येथे गर्दी लोटेल. येणाऱ्या मायबहिणी केडगावात आडोसा शोधीत फिरणार की नाही, आणि त्यांनी वापरलेले संडास कोणी, कशाने साफ करणार, हे आतापासून ठरविणे या गावाच्या हाती आहे. आपला मैला ही आपली जबाबदारी, दुसऱ्याचा जन्म नव्हे. एवढे आपणापैकी दहा घरांस पटले तरी आमचे येथवर येणे सार्थकी लागले.

ज्यांस खड्ड्याचे माप लिहून हवे असेल त्यांनी खाली थांबावे; आमच्याजवळ फूटपट्टी आणि कागद आहे.